शेवटची पेटी

पुढाऱ्याचं बिंग फोडणारा सिनेमा घरात लागला की मी शेवटाआधी उठतो. चष्मा खिशात टाकतो, गुडघ्यांवर हात रेटून उभा राहतो आणि पाणी प्यायच्या निमित्ताने जो सटकतो तो सगळं आटोपेपर्यंत परत येत नाही. परवाही तेच. सुनेने लावलेला सिनेमा अगदी रंगात आला होता. एक तरुण वार्ताहर, एक बडा नेता, त्या नेत्याच्या कपाटातली एक फाईल, आणि ती फाईल उघडायला जेमतेम दहा मिनिटं उरलेली. मी उठलो. "बाबा, आता तर सगळं कळून राह्यलं, आन् तुमी कुठं चालले?" सून म्हणाली. ती मोताळ्याकडची. खामगावात येऊन वीस वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच. मी म्हटलं, "तू पाह्य. मले उद्या सांगजो." उद्या मी विचारणार नाही हे तिला पाठ झालेलं आहे.

ओट्यावर येऊन बसलो. समोरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. या दिवसांत आमच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. गाडीतून उडालेले पुंजके काट्यांत अडकतात आणि थंडी सरेपर्यंत तिथेच मळत राहतात. वाऱ्याबरोबर सरकीचा तेलकट वास येतो. लोकांना तो वास आला की हातात पैसा आल्यासारखं वाटतं. मला तो आला की माझं चोविसावं वर्ष आठवतं आणि बरं वाटत नाही. आता ऐंशी ओलांडली, तरी नाही वाटत.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मोताळ्यापासून दीड-दोन कोसांवरच्या एका गावात मी मास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की त्या माणसाचंही नाव कळेल. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. सगळा तालुका म्हणे. गावची शाळा त्यांनी आणलेली, एसटी त्यांनी आणलेली, मला नोकरी त्यांच्या चिठ्ठीवर लागलेली. बेचाळीसच्या चळवळीत ते दीड वर्ष तुरुंगात होते, आणि हे शाळेत यायच्या आधीच पोरांना माहीत असे. कोणत्याही भाषणात ते खाली बघून म्हणत, "तुरुंगात आम्ही जे शिकलो ते कोणत्या शाळेत शिकलो नाही," आणि टाळ्या पडत. मीही वाजवत असे. जोरात वाजवत असे.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी अशी फुटली होती की रान दुरून पांढरं दिसे. पहिल्या वेच्याच्या दिवशी बायांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सात खडे मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि दह्याचे शिंतोडे झाडांवर उडवून वेचणीला हात घातला. याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. मग दोन-अडीच महिने गावात दिवसा माणूस सापडत नसे. बाया कमरेला ओटी बांधून झाडांच्या ओळींमधल्या तासात शिरत, दिवस कलला की गाठोडी डोक्यावर घेऊन परतत. त्यांच्या केसांत, भुवयांवर, लुगड्याच्या पदराला कापूस असे. बोटांच्या पेरांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या असत. त्या चिरांवर तेल चोळत बसलेल्या बाया आणि त्यांच्या दबक्या गप्पा आजही मला जशाच्या तशा ऐकू येतात. आवाज आठवतात, चेहरे मात्र पुसट झालेत.

शाळेत दिवेलागणीला मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग मी घेत असे. सरकारचा हुकूम होता. हजेरीपटावर वीस नावं, येणारे चार. त्या चारांत एक अडकुजी. भाऊसाहेबांच्या खळ्यावर कापसाच्या गंजीची राखण करणारा साठीकडे झुकलेला गडी. अंगाने किडकिडीत, कान मोठे, बोलणं कमी. पहिल्या दिवशी मी पाटी पुढे केली, म्हटलं, "अडकुजी, आधी आपलं नाव लिहायला शिकू." तो म्हणाला, "सही येते मले." मला हसू आलं. म्हटलं, दाखवा.

त्याने पेन्सिल अशी धरली की माझं हसू जागीच राहिलं. गोल, सुटं, ठसठशीत अक्षर. माझ्यापेक्षा चांगलं. आणि त्याने लिहिलं होतं भाऊसाहेबांचं नाव. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं पूर्ण.

"अहो, हे तर भाऊसाहेबांचं नाव."

"हाव," अडकुजी म्हणाला. "पन सही माही हाय."

वर्गातले बाकीचे तिघे 'क' गिरवत होते. मी हळू आवाजात विचारलं, "कुठं शिकले हे?" मला भाऊसाहेबांचं भाषणातलं ते वाक्य आठवलं. "तुरुंगात?" त्याने पाटीवरचं नाव ओल्या फडक्याने पुसलं आणि मान हलवली.

पुढचं सगळं मला असंच, मानेच्या हालचालींतून कळलं. पाच-सहा संध्याकाळी लागल्या. मी विचारायचं, त्याने 'हाव' म्हणायचं किंवा गप्प राहायचं. कारण त्याने बेलभंडारा उचलला होता. भाऊसाहेबांच्या वडिलांपुढे, देवासमोर, तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन शपथ वाहिली होती की ही गोष्ट तोंडातून काढणार नाही. आमच्या बाजूला बेलभंडारा उचललेला माणूस जीव गेला तरी तोंड उघडत नाही. थोरले पाटील कधीच मेले होते, पण शपथ काही त्यांच्याबरोबर मेली नव्हती.

झालं होतं ते असं. चळवळीच्या त्या दिवसांत भाऊसाहेबांना पकडायला परक्या ठाण्याचे शिपाई आले. त्यांनी भाऊसाहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. नाव पुकारलं तेव्हा भाऊसाहेब मागच्या दाराने खानदेशात मामाकडे निघालेले, आणि दारात उभा होता त्यांच्याच वयाचा, त्यांचाच सदरा अंगात घातलेला गडी. थोरल्या पाटलांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मीच." दीड वर्ष तो त्या नावाने आत राहिला. आतल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी त्याला लिहायला शिकवलं, आणि शिकवलं ते त्याचं नाव, म्हणजे त्यांना माहीत असलेलं. सुटला त्या दिवशी हार घेऊन पाटलांची विश्वासातली चार माणसं आली, ती भाऊसाहेबांना सोबत घेऊनच. हार फाटकाबाहेर योग्य गळ्यात पडला. गावाला सांगितलं होतं की अडकू बायकोला टाकून मुंबईला पळाला. तो परत आला तेव्हा बायको तापाने गेली होती, आणि चार वर्षांची पोर, गिरजा, वरवट बकालला मावशीकडे नेऊन ठेवली होती. गिरजा तिथेच वाढली, तिथेच लग्न झालं. बाप आला की ती त्याला भाकर वाढी, पण बोलत नसे. आईला मरायला टाकून गेलेला माणूस, एवढीच तिला बापाची ओळख.

"मंग आता काय पाहिजे, अडकुजी?" मी शेवटी विचारलं. मला वाटलं होतं, नाव हवं असेल. शाळेपुढे दगड बसवायचा होता, त्यावर स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्याचं नाव कोरायचं होतं, आणि अक्षर चांगलं म्हणून ते खडूने आखून द्यायचं काम माझ्याकडे होतं. अडकुजीने दगडाचा विषयही काढला नाही.

"माह्या तोंडातून निघनार नाही," तो म्हणाला. "तुमच्या तोंडातून निघू द्या. फकत गिरजापुढं. एक डाव."

मी शब्द दिला. वेचा संपला की वरवटला जाऊ, मी सांगेन. अगदी छातीवर हात ठेवून सांगितलं. चोविसाव्या वर्षी शब्द द्यायला काय लागतं?

त्याच महिन्यात मोताळ्याच्या बाजारालगतच्या मोकळ्या रानात तंबूचा सिनेमा आला. रहीमभाई नावाचा गोड बोलणारा माणूस त्याचा मालक. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, मध्ये कनात. यंत्र एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत सगळा अंधार आणि गलका. सिनेमा हिंदी, त्यातही वकील-वार्ताहरांची जड भाषा; वेचून दमलेल्या बायांना ती कळत नसे. रहीमभाईने मला धरलं. "मास्टरजी, रीळ बदलते वख्त माईकवर जरा अपनी बोली में समझा दो." मी समजावू लागलो आणि मला त्याची चटक लागली. मास्तराला पोरांसमोर बोलायची सवय असते. हजार माणसं आपल्या तोंडाकडे बघतात ही चव मी कधी घेतली नव्हती. दोन रिळांच्या मधल्या पाच मिनिटांसाठी मी दिवसभर वाक्यं जुळवत असे. बाजूच्या गावांतून गाड्या जुंपून माणसं येत, आणि काही तर म्हणत की सिनेमापेक्षा मास्तर बरा.

दिवाळीनंतर जो नवा खेळ लागला तो नेमका तसला होता. एक मोठा पुढारी, लोकांचा लाडका. त्याच्या पूर्वायुष्यात काहीतरी लपलेलं. एक वार्ताहर ते शोधतोय, त्याच्या जिवावर उठलेली माणसं. तंबूत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. बाया ओटीत हात घालून बसल्या होत्या. आणि ऐन वेळी, वार्ताहर त्या बंद खोलीच्या दारापर्यंत पोचला तेव्हा, रीळ संपलं. पुढचं चढेना. रहीमभाई घाम पुसत माझ्याकडे आला. शेवटच्या रिळाची पेटी त्याचा माणूस मागच्या मुक्कामी विसरला होता. आणायला सायकलवर माणूस धाडला होता, पण तीन-चार दिवस तरी लागणार होते. "मास्टरजी, कुछ भी बोलो. नहीं तो लोग तंबू फाड देंगे."

मी खेळ पहिल्यांदाच पाहत होतो. शेवट मलाही माहीत नव्हता. माईक हातात, समोर अंधारातून आवाज येत होते, "मंग काय लपोलं त्यानं? सांगा ना, मास्तर."

माझ्या जिभेला हाड असतं तर.

मी सांगितलं. म्हटलं, बायांनो, या पुढाऱ्याचं गुपित असं, की तो ज्या तुरुंगाच्या नावाने मोठा झाला त्या तुरुंगात तो गेलाच नव्हता. त्याच्या जागी त्याचा गडी गेला. हे म्हणताना मला वाटलं होतं, सिनेमातल्या पुढाऱ्याच्या अंगावर घातलेली गोष्ट आहे, कोणाला काय कळणार. मग मला थांबता येईना. गड्याची बायको दारात वाट बघते, दिवा लावते, तापात त्याचं नाव घेत मरते. गडी सुटून येतो आणि फाटकाबाहेरचा हार त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. कनातीपलीकडून हुंदके ऐकू आले. मी आवाज आणखी खाली आणला. मला ते जमत होतं.

खेळ सुटल्यावर मधल्या कनातीच्या खांबाजवळ अडकुजी उभा होता. तो आलाय हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं आता हा माणूस माझ्या तोंडावर थुंकणार, आणि थुंकला तर बरोबरच आहे. तो जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"बाया रडल्या, मास्तर," तो म्हणाला. "त्या गड्यासाठी रडल्या. म्या पाह्यलं."

मग म्हणाला, "उद्या पन सांगसान का?"

शेवटची पेटी येईपर्यंत तीन दिवस गेले, तीन दिवस मी सांगत राहिलो, आणि तीन दिवस अडकुजी त्याच खांबाला टेकून बसला. गोष्ट पंचक्रोशीत पसरली. पाणवठ्यावर, पऱ्हाटीच्या तासात, बाया त्या गड्याबद्दल बोलत. अडकुजी खळ्यावर बसून ते ऐके. माणसाने आपल्याच मौतीला जमलेले लोक पाहावे तसा तो ते दिवस फिरत होता, पण आनंदात. चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी मनाची समजूत घातली की वाईट काय झालं? उलट पुण्यच.

तिसऱ्या दिवशी निघताना त्याने माझ्या बाहीला हात लावला. "सगळं बरोबर सांगता. फकत माही गिरजा राह्यली. तिले पन घ्या उद्या."

खरं सांगायचं तर मला ती आठवली होती. पहिल्याच दिवशी आठवली होती. पण वेळ पाच मिनिटांचा. मरणारी बायको होती तिथे पोर आली की गोष्ट लांबते, रडण्याचा ठोका चुकतो. म्हणून मी ती गाळली होती. अडकुजीला म्हटलं, "उद्या घेतो."

उद्या पेटी आली.

आणि पेटीबरोबर भाऊसाहेबही. एवढा गाजतोय तो खेळ आहे तरी काय, म्हणून सहकुटुंब आले. रहीमभाईने पुढे खुर्च्या मांडल्या, गुलाबपाणी शिंपडलं. मी चार शब्द बोललो ते चाचरत. शेवटचं रीळ चढलं. पुढाऱ्याचं गुपित निघालं भलतंच: बंदरावरचा चोरटा माल आणि एक जुना खून. तुरुंगाचा, गड्याचा, हाराचा कुठे पत्ता नाही. पडदा पांढरा झाला, दिवे लागले. लोक उठले नाहीत. काहीतरी राहिलंय अशा चेहऱ्याने बसून राहिले.

मग कनातीच्या बाजूने पार्बताबाई उभी राहिली. आमच्या गावातली वेचणारी म्हातारी, भोळी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने मोठ्याने विचारलं, "मास्तर, त्या गड्याचं काऊन नाही दाखोलं? तुमी तर सांगतलं होतं, तो मालकाच्या नावानं जेलात गेलता म्हनून."

कोणी हसलं नाही. भाऊसाहेब खुर्चीत वळले. मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर कनातीच्या खांबाकडे गेली आणि तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. बसा म्हणाले, चहा सांगितला. आवाज चढवायचा त्यांना कधी प्रसंगच येत नसे. "गोष्ट बरी जुळवता, मास्तर. कोणाकडून ऐकली?"

"मनचीच आहे, भाऊसाहेब."

"मनची."

"हो. पेटी आली नव्हती म्हणून जुळवली."

सुपारीची खांडं त्यांनी तबकात सारखी केली. "म्हणजे असा कोणी गडी नव्हता."

"नव्हता."

"मग लोकांना तसं सांगून टाका. आज माईकवर. उगाच भाबड्या बायकांच्या डोक्यात घोळ राहायचा." मग थोडं थांबून, अगदी सहज, "तुमचं कायम करायचं पत्र या महिन्यात निघायचंय ना?"

इथे मला स्वतःची बाजू मांडायचा मोह होतो. म्हणावंसं वाटतं, मी अडकुजीचं नाव सांगितलं नाही. त्याला वाचवायचं होतं म्हणून खोटं बोललो. साठ वर्षं मी हे वेगवेगळ्या शब्दांत मनाशी घोळवलंय. पण भाऊसाहेबांच्या नजरेने त्याला आदल्या दिवशीच शोधलं होतं; वाचवायचं काही उरलं नव्हतं. मला घाम फुटला होता तो पत्राच्या विचाराने. हे आता लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा फिरवता येणार नाही.

त्या दिवशी पहिलं रीळ चढायच्या आधीच मी माईक घेतला. अडकुजी खांबाजवळ होता. का आला होता कोण जाणे. कदाचित मी 'उद्या' म्हटलं होतं म्हणून, गिरजा ऐकायला. मी म्हटलं, "मायबापहो, मांगं जे सांगतलं ते माह्या मनचं होतं. सिनेमात तसं नाही, आन् खऱ्यातही तसं कुठं झालं नाही. असा कोनी गडी नव्हता."

अडकुजीने घोंगडी उचलली, नीट घडी घातली, खांद्यावर टाकली. कनातीचं टोक वर करून तो वाकून बाहेर गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. चार दिवसांनी कळलं, खळ्यावर नवा राखणदार ठेवला आणि अडकुजी वरवट बकालला लेकीकडे गेला.

वेचा संपला. दगड आला. मी खडूने नाव आखून दिलं, पाथरवटाने कोरलं. लोक म्हणाले, अक्षर सुरेख. ते माझं नव्हतंच. हाताला जी वळणं आठवत होती तीच मी आखली होती, ती गोल, सुटी, ठसठशीत. एवढंच माझ्याच्याने झालं. त्यावर समाधान मानून मी बरीच वर्षं काढली, यावरून माझी लायकी कळावी.

माझं पत्र निघालं. लग्न झालं, बदल्या झाल्या. वरवटला जायचं दर हंगामात ठरवायचो. कापूस फुटला की ठरवायचो, सरकी निघाली की विसरायचो. कधी पोरगं आजारी, कधी परीक्षा. न जाण्याला कारणं कधी कमी पडत नाहीत. गेलो तेव्हा बारा वर्षं लोटली होती आणि अडकुजीला जाऊन दोन.

गिरजाबाई अंगणात सरकी निवडत बसली होती. बापासारखेच मोठे कान. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मी ओळख सांगितली, मोताळ्याकडचा मास्तर, तुमच्या बाला शिकवत होतो. तिने बाज टाकली, पाणी दिलं. "आलेच तं एक काम करा," म्हणाली आणि मला आत नेलं.

भिंतीवर, चुलीच्या वर, कोळशाने लिहिलं होतं. भाऊसाहेबांचं पूर्ण नाव. चारही बाजूंनी दर दिवाळीचा चुना चढलेला, आणि मधला तो पट्टा सोडलेला, पिवळट, धुरकट. "बानं लिवलं, जायच्या आदी," ती म्हणाली. "मले बोट दाखोलं, आन् रडला. तोंडानं काई बोलला नाही. मी आपली लिपत नाही तेवढं. शेजारचा पोट्टा म्हने, दुसऱ्याच कोनाचं नाव हाय. तुमी वाचा."

तोंड बांधलेलं होतं, हात मोकळा होता. ज्याला बोलता येत नव्हतं त्याने, जिला वाचता येत नव्हतं तिच्यासाठी लिहून ठेवलं होतं.

मी वाचलं. मग सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, सदरा, शिपाई, बेलभंडारा, हार. या वेळी आवाज खाली आणला नाही, कुठे थांबलो नाही. ती सरकीच्या सुपावर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे मले माहीत हाय. वेचाले येनाऱ्या बायाईनं सांगतलं होतं तवाच. सिनेमातलं."

"सिनेमातलं नाही, गिरजाबाई. खरं आहे."

"तुमीच तं माईकवर सांगतलं म्हने, असा कोनी गडी नव्हता म्हनून."

"तेव्हा खोटं बोललो."

"आन् आता?" तिने शांतपणे विचारलं. रागावली असती तर सोपं होतं. थोडा वेळ ती सुपातली सरकी बोटांनी पसरवत राहिली. मग म्हणाली, "त्या गड्याले पोरगी होती का, तुमच्या गोष्टीत?"

मी म्हटलं, "नव्हती."

"मंग तो माहा बा नाही."

तेव्हा मी तिला ते सांगितलं जे सांगायला मी खरं तर आलो होतो, आणि जे सांगायची मला सगळ्यात भीती वाटत होती. म्हटलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी बाही धरली, आणि म्हणाले, 'माही गिरजा राह्यली. तिले पन घ्या उद्या.'

तिचा हात थांबला. तिने भिंतीकडे पाहिलं. डोळ्यांना पदर लावला नाही, तसेच वाहू दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"मंग घेतलं काऊन नाही, मास्तर?"

परवा ओट्यावर हे आठवत बसलो होतो, तोवर आत सिनेमा संपला. सून दिवा मालवायला आली, म्हणाली, "बाबा, सगळं उघडं पडलं त्याचं. चला, थंडी पडून राह्यली." मी म्हटलं, येतो. रस्त्याने कापसाची आणखी एक गाडी गेली. गिरजाबाईलाही जाऊन आता कैक वर्षं झाली. आज हे लिहिताना तिला गोष्टीत घेतलं आहे, तिच्या नावासकट. पण तिला वाचता येत नव्हतं.